बायबलवरील भाष्यग्रंथ कसे वापरावेत : चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याच्या आधारे

बायबलचा नियमित अभ्यास करणाऱ्याला, शब्बाथशाळेत मुलांना शिकवणाऱ्याला, घरगुती प्रार्थनासभेत वचन उलगडून सांगणाऱ्याला आणि उपासनेत उपदेश करणाऱ्याला कधी ना कधी भाष्यग्रंथाची, म्हणजे आपण बोलताना जिला कॉमेंटरी म्हणतो तिची, गरज भासतेच. हिब्रू आणि ग्रीक भाषांत, आपल्यापासून दोन-तीन हजार वर्षे दूर असलेल्या समाजात लिहिले गेलेले हे ग्रंथ आहेत. त्यांतले रस्ते, नाणी, सण, वैर आणि नातेसंबंध त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. आपल्याला ते कोणीतरी सांगावे लागतात. तरीही मंडळ्यांमध्ये भाष्यांबाबत दोन टोकाच्या सवयी दिसतात. काही जण उपदेशाच्या आदल्या रात्री भाष्य उघडून त्यातले मुद्दे जसेच्या तसे उतरवून घेतात. दुसरे काही जण पवित्र आत्मा शिकवायला समर्थ आहे, मग माणसांची पुस्तके कशाला, असे म्हणून भाष्यांना हातच लावत नाहीत. या दुसऱ्या मतामागची श्रद्धा मला मोलाची वाटते. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशयाचे पुस्तक वाचणाऱ्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याकडे आत्म्याने फिलिप्पाला पाठवले, आणि कोणी वाट दाखवल्याशिवाय मला कसे समजणार, असे तो अधिकारी स्वतःच म्हणाला. आत्मा माणसांच्या हातून शिकवतो, याचे ते उदाहरण पवित्र शास्त्रातच आहे.

या लेखात भाष्य वापरण्याची जी रीत सांगितली आहे, तिचा गाभा असा : भाष्यकाराने काय म्हटले याआधी ते त्याने कशाच्या आधारावर म्हटले हे शोधावे, तो आधार स्वतः तपासावा, आणि तपासून जे टिकेल तेवढेच शिकवावे. ही रीत कामाला लावून दाखवण्यासाठी लूक १०:२५–३७ हा उतारा, म्हणजे चांगल्या शोमरोन्याचा दाखला, घेतला आहे. त्यात नियमशास्त्राचा (मोशेच्या धर्मनियमांचा) एक पंडित 'माझा शेजारी कोण?' असे विचारतो, तेव्हा येशू कथा सांगतो : लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी (मंदिरातील सेवक) दुसऱ्या बाजूने निघून जातात, आणि यहुद्यांचे ज्यांच्याशी वैर होते त्या शोमरोन्यांपैकी एक जण थांबून त्याची काळजी घेतो. हा दाखला सर्वांना पाठ आहे, आणि म्हणूनच त्याबद्दल न तपासलेली विधाने फार सहज केली जातात.

भाष्य उघडण्यापूर्वी

पहिले काही दिवस भाष्य बंदच ठेवावे. उतारा कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे आधी ठरवावे. दाखला ३०व्या वचनापासून सुरू होत असला, तरी तो सांगण्याचे कारण २५व्या वचनात आहे; आणि त्याच्या मागेपुढे काय आहे हे पाहायचे तर ९:५१ पासून दहाव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत एका बैठकीत मोठ्याने वाचावे. असे वाचल्यावर ध्यानात येते की, जेमतेम एका अध्यायापूर्वी शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरू दिले नव्हते आणि त्या गावावर आकाशातून अग्नी पाडावा काय, असे याकोब व योहान यांनी विचारले होते. ज्या लोकांनी दार बंद केले, त्यांच्यापैकीच एकाला येशू आपल्या कथेत दयेचा नमुना म्हणून उभा करतो. ही गोष्ट कोणत्याही भाष्याशिवाय, केवळ लूकचे शुभवर्तमान सलग वाचून हाती लागते, आणि स्वतः शोधलेली असल्यामुळे शिकवताना ती जिवंत राहते.

त्यानंतर तोच उतारा दोन-तीन मराठी भाषांतरांत वाचावा. बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' बहुतेक घरांत असतेच. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते मिळाल्यास अवश्य जवळ ठेवावे. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत आहे आणि कॅथलिक नसलेल्या वाचकांनाही ते उपयोगी पडते. ज्या वचनात भाषांतरे एकमेकांपासून दूर जातात, तेथे पेन्सिलीने खूण करावी. तेथे बहुधा काहीतरी प्रश्न असतो आणि भाष्यात त्याच जागी सर्वांत आधी पाहायचे असते.

मग वहीत प्रश्न लिहावेत, सुटे आणि नेमके. हा नियमशास्त्राचा पंडित येशूला खरोखर शिकण्यासाठी विचारतो आहे की त्याची परीक्षा पाहण्यासाठी? यरुशलेम ते यरीहो हा रस्ता कसा होता? याजक आणि लेवी का थांबले नाहीत? शोमरोनी व यहुदी यांच्यात वैर का होते? दोन दिनारांत किती दिवस भागत असे? पंडिताने 'माझा शेजारी कोण?' असे विचारले असता येशूने प्रश्न फिरवून त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, असे का विचारले? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या शब्दांत, चुकीचे का असेना, भाष्य वाचण्याआधीच लिहून ठेवावे. प्रश्नांशिवाय भाष्य उघडले, तर भाष्यकाराचे प्रश्न आपले होऊन बसतात. विद्वानांना ज्याची उत्सुकता असते त्याच गोष्टी मग आपल्या वर्गातल्या लोकांच्याही गळी उतरवल्या जातात.

कोणते भाष्य कशासाठी

सर्व भाष्ये एकाच कामासाठी लिहिलेली नसतात. काही भक्तिपर असतात, काही उपदेशकांसाठी असतात, काही मूळ भाषेतील शब्दरचना आणि हस्तलिखितांमधील फरक तपासणाऱ्या अभ्यासकांसाठी असतात. पुस्तक हाती घेतल्यावर प्रस्तावना आधी वाचावी : लेखक कोण, कोणत्या मंडळीतला, कोणासाठी लिहितो, आणि मूळ लेखन कोणत्या वर्षीचे आहे. पुनर्मुद्रणाच्या तारखेवर विसंबू नये. इंटरनेटवर व फोनवरील अ‍ॅपमध्ये जी भाष्ये विनामूल्य मिळतात, त्यांतली पुष्कळशी फार जुनी असतात, कारण त्यांवरील स्वामित्वहक्क संपलेला असतो. त्यांपैकी सर्वाधिक वाचले जाते ते मॅथ्यू हेन्री यांचे. हेन्री १६६२ ते १७१४ या काळात इंग्लंडमध्ये होऊन गेले. प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतचे भाष्य त्यांचे आहे आणि रोमकरांस पत्रापासून पुढचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर इतर पाळकांनी पूर्ण केला. म्हणून रोमकरांस पत्रावरचे एखादे वाक्य 'मॅथ्यू हेन्री म्हणतात' असे सांगून उद्धृत करणे बरोबर नाही. हेन्री यांच्या लेखनात भक्तीचा ओलावा आहे, मनाला चाचपणारी वाक्ये आहेत आणि एका वचनाचा दुसऱ्या वचनाशी संबंध लावण्याची विलक्षण हातोटी आहे. परंतु १९४७ नंतर मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन यहुदी हस्तलिखितांच्या गुंडाळ्या किंवा गेल्या दोनशे वर्षांतील उत्खनने त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. पहिल्या शतकातील यहुदी जीवनाविषयीच्या माहितीसाठी त्यांच्यावर अवलंबून राहू नये. मननासाठी अवश्य वाचावे.

स्कॉटलंडचे विल्यम बार्कले यांची लहान भाष्ये पाळकांच्या कपाटांत हमखास दिसतात. त्यांची शैली सोपी आहे आणि ग्रीक-रोमी जीवनाचे तपशील त्यांच्याइतके रसाळपणे थोड्यांनीच सांगितले असतील. मात्र चमत्कारांच्या काही प्रसंगी ते नैसर्गिक स्पष्टीकरणाकडे झुकतात. पाच हजारांना भोजन देण्याच्या प्रसंगी लोकांनी आपापली लपवलेली शिदोरी बाहेर काढली असावी, हा पर्यायही ते मांडतात. हे माहीत असले की बार्कले निर्धास्तपणे वाचता येतात. माहीत नसले की शब्बाथशाळेत एखादा विद्यार्थी प्रश्न विचारतो तेव्हा शिक्षक अडखळतो.

अलीकडच्या भाष्यांपैकी टिंडेल मालिकेतील लिऑन मॉरिस यांचे लूकवरील भाष्य (१९७४) आटोपशीर आहे आणि इंग्रजीची साधारण सवय असलेल्याला पेलते. जोएल ग्रीन यांचे १९९७ चे भाष्य लूकने कथा कशी रचली याकडे लक्ष देते. जेझुइट विद्वान जोसेफ फिट्झमायर यांचे दोन खंड (१९८१ व १९८५) भाषा आणि इतिहास यांचा बारीक तपशील हवा असेल तेव्हा उघडावेत. आपल्या भूमीतील वाचकांसाठी २०१५ साली एका खंडात निघालेले 'साउथ एशिया बायबल कॉमेंटरी' दक्षिण आशियातील लेखकांनी लिहिले आहे; त्यात तपशील मर्यादित असला तरी आपल्या समाजातील प्रश्न लेखकांच्या ओळखीचे आहेत, ही मोठी गोष्ट आहे. माझा सल्ला असा की संपूर्ण बायबलवरील मोठे संच विकत घेऊ नयेत. एक चांगले एका खंडाचे भाष्य घरी असावे, आणि जे पुस्तक आपण यंदा शिकवणार आहोत त्यावरची दोन भाष्ये मिळवावीत : एक आपल्या परंपरेतील, दुसरे बाहेरचे.

मराठीत सखोल भाष्ये कमी आहेत, ही अडचण खरी आहे आणि ती झाकून काही साधत नाही. इंग्रजी सहज वाचता येत नसेल, तर मंडळीतील इंग्रजी वाचणाऱ्या एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला सोबत घ्यावे. त्यांनी परिच्छेद वाचून मराठीत सांगावा आणि वडीलधाऱ्या शिक्षकाने प्रश्न विचारावेत. दोघांचाही अभ्यास होतो. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी (ती १९८३ मध्ये यवतमाळहून येथे आली) आणि ज्ञानदीप विद्यापीठ यांसारख्या ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मिळते का, हे पाळकांच्या पत्रासह विचारून पाहावे.

भाष्य वाचताना : आधाराचा शोध

आता वही आणि भाष्य एकत्र उघडावे. वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत : भाष्यकाराचे मत, त्याने दिलेला आधार, आणि मी केलेली तपासणी. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ते मत तूर्त मत म्हणूनच ठेवावे, कितीही मोठ्या लेखकाचे असले तरी.

सोपे प्रश्न लवकर सुटतात. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, सुमारे २५० मीटर. म्हणजे सत्तावीसेक किलोमीटरच्या वाटेत हजार मीटरची उतरण. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस हा प्रदेश ओसाड व खडकाळ असल्याचे सांगतो. दिनाराचे मोल मत्तय २०:२ मध्येच मिळते : एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी, शिवाय जास्त लागेल ते परत आल्यावर देण्याचे वचन. एवढी माहिती एका बैठकीत पुरे होते. तिच्यावर अधिक वेळ घालवू नये.

शोमरोन्यांविषयी मात्र थोडे थांबावे. भाष्ये बहुधा २ राजे १७ कडे बोट दाखवतात : ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरने उत्तरेचे राज्य जिंकले आणि तेथे परके लोक आणून वसवले. हा संदर्भ उघडून वाचावा, आणि वाचताना लक्षात ठेवावे की तो दक्षिणेकडील यहुदा राज्याच्या बाजूने लिहिलेला वृत्तान्त आहे. शोमरोनी स्वतःला मोशेच्या नियमशास्त्राचे खरे पालनकर्ते मानत आणि आजही मानतात. गरिज्जीम डोंगरावरील त्यांचे मंदिर ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने उद्ध्वस्त केले. पुढे येशू लहान असताना काही शोमरोन्यांनी वल्हांडण या यहुदी सणाच्या वेळी यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात मानवी हाडे टाकल्याचे योसेफस नोंदवतो. म्हणजे जखमा दोन्ही बाजूंना होत्या आणि काही ताज्या होत्या. चांगले भाष्य हे दोन्ही सांगते. जे भाष्य एकाच बाजूचे सांगते, त्याच्या बाकीच्या विधानांकडेही सावधपणे पाहावे.

आता त्या प्रश्नाकडे येऊ ज्यावर भाष्यकार एकमेकांपासून दूर जातात : याजक व लेवी का थांबले नाहीत? पुष्कळ भाष्यांत, आणि त्यांच्यावरून घेतलेल्या असंख्य उपदेशांत, उत्तर ठरलेले असते. जखमी माणूस मेलेला असेल तर त्याला शिवल्याने विटाळ होईल, म्हणून ते दुसऱ्या बाजूने गेले. त्यांना दयेपेक्षा शुद्धतेचे नियम प्रिय होते. हे मत पहिल्या रकान्यात लिहावे. दुसऱ्या रकान्यात आधार येतो : लेवीय २१:१–४, जेथे जवळच्या नातलगांखेरीज कोणाच्याही प्रेताने याजकाने विटाळू नये असे म्हटले आहे, आणि गणना १९, जेथे प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध राहतो.

तिसरा रकाना भरण्यासाठी हे दोन्ही उतारे स्वतः वाचावेत आणि मग लूकच्या वचनाकडे परत यावे. ३१व्या वचनात याजक त्या वाटेने खाली जात होता. तो यरुशलेमकडून दूर चालला होता. मंदिरातील सेवेसाठी शुद्ध राहण्याची निकड त्या दिशेला उरत नाही. लेवीय २१ मधील आज्ञा याजकांना, अहरोनाच्या वंशजांना, दिलेली आहे. लेव्यांना ती लागू नाही, तरी लेवीही निघून गेला. ३०व्या वचनात तो माणूस मेलेला नसून अर्धमेला आहे. शोमरोनीसुद्धा मोशेची पाच पुस्तके मानत असल्यामुळे प्रेताच्या विटाळाचे नियम त्यालाही लागू होते, पण तो थांबला. आणि सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी मौखिक नियमांच्या संग्रहात, असे आढळते की, रस्त्यात बेवारस प्रेत सापडले तर त्याची मूठमाती करण्यासाठी महायाजकानेसुद्धा विटाळ पत्करावा. एमी-जिल लेव्हिन या यहुदी विदुषीने, ज्या नव्या कराराच्या अभ्यासक आहेत, हे मुद्दे जोरकसपणे मांडले आहेत. मिश्नाचे संकलन येशूच्या नंतरचे आहे, हा आक्षेप घेता येतो आणि घ्यावा. पण बाकीचे मुद्दे लूक आणि लेवीय या दोनच पुस्तकांवरून कोणीही तपासू शकतो.

तपासणीचा निष्कर्ष मी असा लिहीन : याजक व लेवी का थांबले नाहीत, हे येशूने सांगितलेले नाही. भीती असेल, घाई असेल, निष्काळजीपणा असेल; उतारा त्याबाबत मूक आहे, आणि शिक्षकानेही तेथे मूक राहावे. हा तपशील किरकोळ वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याचे गांभीर्य सांगतो. शुद्धतेचे स्पष्टीकरण न तपासता शिकवले की मुले एक अर्थ मनात घेऊन घरी जातात : यहुदी लोक कठोर होते, त्यांचे नियमशास्त्र निर्दय होते, आणि येशूने त्याच्या जागी दया आणली. प्रत्यक्षात देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या ज्या आज्ञा पंडिताने २७व्या वचनात म्हटल्या, त्या अनुवाद ६:५ आणि लेवीय १९:१८ या नियमशास्त्रातल्याच आहेत, आणि येशूने त्याचे उत्तर बरोबर असल्याचे सांगितले. लेवीय १९:३४ तर परक्यावरही स्वतःसारखी प्रीती करायला सांगते. एका लोकसमूहाविषयीचा तिरस्कार दयेच्या दाखल्यातून पसरावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाही, आणि ती केवळ आधार न पाहता भाष्य वापरल्याने घडते.

याच शोधात दुसरी एक गोष्ट हाती लागते. याजक आणि लेवी यांच्यानंतर तिसरा कोण येईल, अशी ऐकणाऱ्यांची अपेक्षा होती? लेव्हिन यांच्यासह अनेक भाष्यकार दाखवतात की याजक, लेवी आणि इस्राएलातील इतर लोक ही सवयीची रचना होती. एज्रा १०:५ मध्ये ती दिसते. म्हणजे तिसरा साधा इस्राएली माणूस, आपल्यातलाच कोणी, येणार असे श्रोत्यांना वाटले असेल आणि तेथे शोमरोनी आला. हे अनुमान आहे, वचनात तसे लिहिलेले नाही. परंतु त्याला आधार आहे, आणि शिकवताना 'असे दिसते' एवढे शब्द जोडून ते सांगता येते. पक्के, संभाव्य आणि केवळ शक्य, असे तीन दर्जे वहीत निरनिराळ्या खुणांनी दाखवावेत.

भाष्यात कंसात दिलेले संदर्भ वगळण्याची सवय सर्वांनाच असते. ती मोडावी. या उताऱ्यावरील काही भाष्ये २ इतिहास २८:८–१५ चा संदर्भ देतात. तो उघडला की अंगावर काटा येतो : उत्तरेच्या राज्यातील लोकांनी यहुदाचे बंदी शोमरोनात आणले, ओदेद संदेष्ट्याने त्यांना दटावले, तेव्हा त्यांनी नागड्यांना वस्त्रे दिली, खाऊपिऊ घातले, तेल लावले, अशक्तांना गाढवांवर बसवले आणि यरीहो नगरात त्यांच्या भाऊबंदांकडे पोहोचवले. येशूच्या मनात हा प्रसंग होता काय, हे सिद्ध करता येत नाही. पण तेल, जनावर, यरीहो आणि शोमरोन हे सारे एकत्र वाचल्यावर दाखला अधिक खोल होतो. एवढा मोठा लाभ एका कंसातील संदर्भाने दिला.

जुन्या भाष्यकारांना कसे ऐकावे

चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप, हिप्पोचा ऑगस्टीन, या दाखल्यातील प्रत्येक गोष्टीला गूढ अर्थ लावतो : जखमी माणूस आदाम, लुटारू सैतान व त्याचे दूत, याजक आणि लेवी म्हणजे जुना करार, शोमरोनी ख्रिस्त, उतारशाळा मंडळी आणि तिचा मालक पौल. त्याच्या आधी तिसऱ्या शतकात ओरिजेन या भाष्यकारानेही असे स्पष्टीकरण मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याकडून ऐकल्याचे सांगितले आहे. धर्मसुधारक कॅल्विनने १५५५ च्या शुभवर्तमानांवरील भाष्यात हा मार्ग नाकारला. शास्त्राचा मान राखायचा तर त्याचा स्वाभाविक अर्थ आपल्या मर्जीने पालटता येत नाही, असे त्याचे म्हणणे. माझा कौल येथे कॅल्विनच्या बाजूने आहे, कारण 'जा आणि तूही तसेच कर' ही आज्ञा गूढार्थात हरवते : शोमरोनी केवळ ख्रिस्तच असेल, तर पंडिताने काय करायचे? तरीही ऑगस्टीन वाचावा. आपल्याला उचलून नेणारा कोणीतरी आधी आला होता, हे तो ओळखतो, आणि ते ख्रिस्ती विश्वासाच्या दृष्टीने खरे आहे; ते या उताऱ्यातून सिद्ध होत नाही, इतकेच. एखादे मत खरे असणे आणि ते समोरच्या वचनात असणे या निराळ्या गोष्टी आहेत, हा फरक जुनी भाष्ये वाचताना पक्का होतो.

वहीतून वर्गाकडे

अभ्यासात जमा झालेल्या सामग्रीचा फार लहान भाग शिकवण्यात यावा. अर्ध्या-पाऊण तासात रस्त्याची उतरण, दोन दिनार, गरिज्जीमचे मंदिर, मिश्ना आणि ऑगस्टीन हे सगळे सांगितले तर ऐकणाऱ्यांना शिक्षकाचा व्यासंग लक्षात राहतो आणि येशूचा प्रश्न राहत नाही. कसोटी अशी लावावी : ही माहिती नसेल तर वचनाचा अर्थ चुकेल काय? शोमरोन्यांचे वैर सांगितलेच पाहिजे, कारण त्याशिवाय कथेचा धक्का कळत नाही. उतरणीचे मीटर वगळले तरी चालतात. याजकाच्या शुद्धतेचा मुद्दा वर्गात कोणी काढला तरच उलगडावा, पण त्यासाठी तयार असावे.

भाष्यकारांची नावे उपदेशात फार घेऊ नयेत. मात्र एखादा विचार सरळ दुसऱ्याचा असेल तर 'एका अभ्यासकाने असे दाखवले आहे' इतके तरी प्रामाणिकपणे म्हणावे. 'सर्व विद्वान मानतात' हे शब्द वहीतून आणि तोंडातून काढून टाकावेत, कारण दोन भाष्ये शेजारी ठेवली की ते बहुधा खोटे ठरतात. लहान मुलांना मतभेद सांगण्याची गरज नाही. त्यांच्यासमोर कथा नीट, क्रमाने, वचनात नसलेली कारणे न घालता सांगणे हेच काम आहे. तरुणांच्या गटात मात्र दोन मते व त्यांचे आधार फळ्यावर लिहून त्यांनाच वचने उघडायला लावावीत. महिला मंडळात किंवा प्रार्थनासभेत जेथे काहींना वाचता येत नाही, तेथे उतारा दोनदा मोठ्याने वाचून मगच बोलावे.

लागू करण्याचा भाग सर्वांत नाजूक आहे आणि त्यात भाष्ये थोडीच मदत करतात. महाराष्ट्रात हा दाखला शिकवताना जातीचा विषय निघतो, आणि तो निघायलाच हवा. विटाळाच्या नावाखाली माणसाला पाणी नाकारल्याचा इतिहास या मातीत आहे आणि आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांनी तो भोगला आहे. परंतु शोमरोनी म्हणजे त्या काळचे अस्पृश्य, असे सरळ समीकरण मांडू नये. वर पाहिल्याप्रमाणे ते दोन प्रतिस्पर्धी उपासनापरंपरांचे, एकमेकांना दुखावलेल्या दोन समाजांचे वैर होते. ज्याच्याकडून मदत घेणेसुद्धा आपल्याला अपमानाचे वाटेल, असा माणूस आपल्यासाठी कोण, हा प्रश्न उताऱ्याच्या अधिक जवळ आहे, आणि तो दलित पार्श्वभूमीच्या विश्वासणाऱ्यालाही तितकाच विचारता येतो. उत्तर शिक्षकाने देऊ नये. वर्गाला काही मिनिटे शांतपणे विचार करू द्यावा.

शेवटची तयारी अशी करावी. शिकवण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळी भाष्ये बाजूला ठेवून फक्त लूक १०:२५–३७ वाचावे आणि धड्यातील प्रत्येक विधानासमोर ते ज्या वचनावर उभे आहे त्याचा क्रमांक लिहावा. ज्या विधानासमोर क्रमांक लिहिता येत नाही, ते वगळावे किंवा 'असे दिसते' या शब्दांसह सांगावे. वर्ग झाल्यावर, लोकांनी विचारलेले आणि आपल्याला उत्तर न आलेले प्रश्न त्याच पानावर तारखेसह टिपून ठेवावेत. पुढच्या वेळी हा उतारा शिकवण्याची पाळी येईल तेव्हा भाष्य त्या प्रश्नांपासून उघडावे.